शिवेवरचं वझं

मार्गशीर्ष वद्य तृतीया, दुपार. हजर: मी, माझे यजमान, नणंद सुंदराबाई आणि शेजारच्या गयाबाई. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या आणि लगेच प्रश्न उभा राहिला... मळवट भरायचा की नाही? गयाबाई कुजबुजल्या, "इतकी वर्सं झाली, कुठं हाय नवरा?" नणंद उसळली, "आईनं जित्तेपणी कुंकू पुसलं न्हाई, तू मेल्यावर पुसतीस व्हय?" मळवट भरला.

निजामाच्या राजवटीत अंमलदार दौऱ्यावर निघाला की त्याचं सामान गावोगावची माणसं वेठीनं वाहत. घोड्याला कडबा गावाचा, अंमलदाराला कोंबडी गावाची, आणि वाहणाऱ्याला मजुरी तर नाहीच, भाकरीसुद्धा घरची. रीत अशी, की आपल्या शिवेपर्यंत न्यायचं. तिथं पुढच्या गावच्या माणसानं हात लावून "घेतलं" म्हणायचं, की मागचा सुटला. माझ्या सासऱ्यांना ऐन सुगीत, स्वतःची ज्वारी उभी टाकून, एक संदूक घेऊन धाडलं. पुढचं गाव म्हणजे माझं माहेर. वेठ येतेय कळताच तिथली माणसं पिकात लपली. माझे वडीलही त्यांत होते. "हलायचं न्हाई," असं दटावून अंमलदाराचा शिपाई घोड्यांमागं निघून गेला. सासरे बसून राहिले. आत्याबाई रोज भाकरी न्यायच्या. एका सकाळी तिथं संदूक नव्हती, माणूसही नव्हता. नुसतं बसून चेपलेलं गवत होतं.

कुणी म्हणालं, रझाकारांनी नेलं. कुणी म्हणालं, पळाले. "पळणारा माणूस वझं संगं नेतो व्हय?" आत्याबाई म्हणायच्या. "पाळीवर हायेत ते. सोडल्याबिगर मरतील कसे?" निजाम गेला, वेठ गेली, शिवेवरून एसटी धावू लागली. आत्याबाई दर अमावास्येला भाकरी बांधून तिकडं जातच राहिल्या.

मला असल्या गोष्टी पटत नाहीत. म्हणून थंडीच्या दिवसांत एकदा त्यांच्याबरोबर गेले. सकाळचं लख्ख ऊन होतं. सगळीकडं गुडघाभर गवत, आणि एका माणसाच्या बैठकीएवढी जागा मात्र चेपलेली. मी हात लावला. गवत उबदार होतं.

"उन्हानं तापलं असेल," मी म्हटलं.

"मग बाजूचं बघ की."

बाजूच्या गवतावर अजून दव होतं...

मला सून करून आणताना भावकीतल्या बायांनी त्यांना टोमणा मारला होता, "ज्या गावानं नवरा शिवेवर बसवला, तिथलीच पोरगी आनायलीस व्हय गं?" त्या म्हणाल्या होत्या, "मला तिथलीच पायजे." माझा नीटनेटकेपणा त्यांना आवडला असेल, असं मी इतकी वर्षं समजत होते. शेवटच्या आजारात त्यांनी मला जवळ बसवलं.

"तुझ्या गावानं 'घेतलं' म्हणायचं ऱ्हायलंय. तू जा. हात लाव, घेतलं म्हण. सुटतील ते."

"आत्याबाई, आता कशाची वेठ?"

"न्हाई म्हणूनच तुला धाडायलेय. लवकर उरकून येशील," म्हणून हसल्या. मी हो म्हणाले.

त्यांच्यामागची सगळी कामं मी वेळेत उरकली. अस्थी गोदावरीत सोडल्या, तेरावं झालं, रेशनकार्डावरचं नाव कमी केलं, मागून आणलेली भांडी ज्याची त्याला पोचवली. शिवेवरही जाऊन आले. भाकरी ठेवली, वाकले, हात पुढं केला... शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथंच थांबला. ज्यानं "घेतलं" म्हटलं, त्यानं पुढच्या गावचा माणूस येईपर्यंत वझं सांभाळायचं, ही रीतच आहे. आणि माझ्या माहेराच्या पुढच्या गावातून आता कोण येणार?

यजमान रोज विचारतात, "बाबांचं ते काम झालं का?"

मी म्हणते, "अजून नाही."