नमस्कार करणारी घोडी

आमच्या घोडीला ड्रेसाज या घोडेस्वारीच्या खेळात तिच्या जातीच्या संघटनेची मान्यता मिळवून द्यायची, म्हणून मी हट्टाला पेटले होते. आडवी आली ती तिची देवभक्ती. हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

घोडी बाबांची. डिचोलीकडची खाण बंद पडली तेव्हा बाबांनी खनिजाचा ट्रक विकून टाकला आणि पेडण्याच्या आमच्या घरी ही मारवाडी घोडी आणून बांधली. गावाने त्यांना वेड्यात काढलं. बाबांनी तिला शिगम्यात मिरवलं, तिच्यावर नवरदेव बसवले, आणि रोज सकाळी तिच्यावर बसूनच ते देवळापर्यंत जाऊ लागले. खाली उतरणं गुडघ्यांना जड जायचं. मग तिथे बसल्याबसल्याच लगाम एका हातात घ्यायचा, दुसरा हात खाली सोडायचा आणि देवीपुढे मान लववायची. त्यांनी मान लववली की घोडीने पुढचा पाय दुमडून आपलीही मान खाली घालायची, हे त्यांनी तिला गूळ चारून शिकवलं होतं. ते बघायला बायकामुलं देवळाच्या पायऱ्यांवर जमायची आणि बाबांची छाती फुगायची.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. तिथेच मला ड्रेसाजचं वेड लागलं. चौकटीत आखलेल्या मैदानात घोडा चालवायचा, दौडवायचा, वर्तुळं काढायची, थांबवायचं; ओरडायचं नाही, मारायचं नाही, सगळं बैठकीने आणि बोटांनी सांगायचं. बघणाऱ्याला वाटावं की घोडा आपल्याच मनाने करतोय. पण तिथली मंडळी आपल्या देशी घोड्यांना नाकं मुरडायची. मारवाडी म्हणजे वरातीचा घोडा, त्याने बँडपुढे नाचावं, असं माझ्या तोंडावर म्हणायची. माझं पित्त खवळायचं. म्हापशाला नोकरी मिळाली आणि मी घरी परतले, तेव्हा मनाशी ठरवलंच, की या वरातीच्या घोडीला ड्रेसाजमध्ये उभं करायचं.

मारवाडी घोड्यांची नोंद ठेवणाऱ्या संघटनेने तिचे वर वळून एकमेकांना टेकणारे कान, अंगावरचे भोवरे, उंची, सगळं तपासून तिची नोंद आधीच केली होती. मान्यता ही त्यापुढची गोष्ट. वेगवेगळ्या परीक्षकांपुढे ठरलेल्या पातळीच्या वर गुण मिळवले, तर संघटना त्या घोडीला ड्रेसाजची मारवाडी म्हणून मानाने जाहीर करते. मला तेच हवं होतं. नाकं मुरडणाऱ्यांना मग बोलायला जागा उरली नसती.

कापणी झालेल्या शेतात आम्ही मैदान आखलं. कडेला चिरे मांडून त्यांच्यावर चुन्याने अक्षरं काढली. घोडी हुशार होती, पटापट शिकली. घाट चढून आम्ही पुण्याजवळच्या पहिल्या स्पर्धेला गेलो. ती अशी डौलात आत आली की माझाच ऊर भरून आला. मधोमध थांबले, आणि नियमाप्रमाणे परीक्षकांना सलामी दिली. म्हणजे काय केलं? लगाम एका हातात घेतला, दुसरा हात खाली सोडला आणि मान लववली. घोडीने पाय दुमडून नमस्कार घातला. लोकांनी टाळ्या पिटल्या. शेवटच्या सलामीलाही तेच. सलामीला घोड्याने चारी पायांवर दगडासारखं उभं राहायचं असतं, त्यामुळे दोन्ही वेळा गुण कापले गेले आणि आमची पातळी हुकली.

परीक्षक बाई नंतर हसत म्हणाल्या, "अहो, मी काही देव नाही. तिला नुसतं उभं राहायला सांगा."

घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं, की आता देवळापुढचा नमस्कार बंद. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"देवाक नमस्कार केल्यार गुन्यांव जाता गे तुमच्या त्या खेळांत?"

मीही काही कमी नाही. बोलायचं ते सगळं बोलले. मग बरेच दिवस आमच्यात अबोला. पावाचे उंडे आणि भाजी पुढ्यात ठेवून आई म्हणायची, "घोडी शाणी. तुमी दोगांय गाढवां."

एका सकाळी बाबा देवळाकडे चालत गेले. काठी टेकत, दुखरे गुडघे घेऊन. मी खिडकीतून पाहिलं आणि मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. संध्याकाळी ते आपणहून शेतात आले. कदेल, म्हणजे आमची खुर्ची, उचलून परीक्षक बसतात त्या जागी मांडली, छत्री उघडली आणि बसले. मला म्हणाले, "घाल सलामी."

तेव्हापासून रोज तेच परीक्षक. घोडीने पाय उचलला की ते तोंड फिरवायचे. उभी राहिली की उठून तिला गूळ द्यायचे. हळूहळू त्यांना त्या खुर्चीची गोडीच लागली. "शेंपडी हालयता, मार्क कापले." "फाट वाकडी तुजी." पाठ ताठ नाही म्हणून घोडीपेक्षा माझेच गुण जास्त कापले जायचे. इतकी मजा मी त्या घरात लहानपणीसुद्धा केली नव्हती.

पुढच्या स्पर्धांमध्ये घोडी उभी राहू लागली. एकेका परीक्षकाचा निकाल पातळीच्या वर येत गेला. शेवटचा एकच उरला होता, त्या दिवशी बाबा बरोबर आले. शेवटच्या सलामीला मी मान लववली आणि श्वास रोखला. घोडीच्या पोटावर माशी बसली, कातडी थरथरली, कान मागे वळले. पाय मात्र जागचा हलला नाही. निकाल लागला तेव्हा मी बाबांच्या गळ्यात पडून रडले. काही दिवसांनी संघटनेचा फोन आला. वरातीची घोडी आता मानाची झाली होती.

दसऱ्याला तिला न्हाऊ घालून, झेंडूच्या माळा घालून देवळापुढे नेलं. सगळा गाव जमला होता. आता स्पर्धा नव्हती, म्हणून मीच बाबांना तिच्यावर चढवलं. त्यांनी लगाम एका हातात घेतला, दुसरा हात खाली सोडला, देवीपुढे मान लववली.

घोडी दगडासारखी उभी राहिली.

लोक थांबले. बाबांनी पुन्हा मान लववली. ती चारी पायांवर सरळ, नजर समोर, परीक्षकांनी पैकीच्या पैकी गुण द्यावेत अशी उभी. बाबा तिच्या मानेवर थोपटत म्हणाले, "शिकली गे ती. बरी शिकली." त्यांच्या आवाजात राग नव्हता, कौतुकच होतं.

मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते खाली उतरले. चपला काढल्या, गुडघे कुरकुरत असताना पायरीवर डोकं टेकलं. उठले, आणि पुन्हा वाकून डोकं टेकलं.

"दोनदा कशाला बाबा?" मी त्यांना उठवत विचारलं.

"एक माजो," ते म्हणाले, "आनी एक तिच्या वांट्याचो."