गुळगुळीत डोंगर

"खात्री किती, ते आधी विचारा," असं म्हणत ते चष्मा कपाळावर सरकवायचे. पाऊस येईल का म्हणून विचारा, नाहीतर आमटीत मीठ बरोबर आहे का म्हणून, उत्तर टक्क्यांत.

मुलांनो, आमच्या वरच्या मजल्यावरच्या या गृहस्थांना तुम्ही शिकवणीला येता-जाता जिन्यात पाहिलं असेल. उपग्रहाच्या रडारकडून येणाऱ्या नोंदींतून ते जमिनीची चित्रं तयार करत. रडारला ढगांतूनही दिसतं, पण चित्र येतं वाळू फेकल्यासारखं. कुठला कण खरा, कुठला खोटा, हे संख्याशास्त्राने अंदाजायचं. "शेजारचे ठिपके बहुधा सारखे असतात, एवढं गृहीत धरायचं, बाई. मग चित्र निवळतं." त्यांच्या अहवालांचं इंग्रजी मी तपासायचे.

या पावसाळ्यात त्यांनी सुरगाण्याकडच्या एका डोंगराची दोन चित्रं माझ्यापुढे ठेवली. एक खरबरीत, एक स्वच्छ.

"कुठलं जोडू?"

"स्वच्छ. दुसऱ्यात ही रेघ कसली? वाचणाऱ्याला उगाच शंका."

मला नीटनेटकेपणाची भारी हौस. त्यांनी माझं ऐकलं.

चौथ्या दिवशी सकाळी ते दारात उभे. पायात चप्पल नव्हती.

"बाई, जुनी चित्रं काढून पाहिली. ती रेघ प्रत्येकात आहे. खोटा कण जागा बदलतो, ही नुसती लांबत चाललीय. ठिपके सारखे धरता धरता मीच भेग बुजवली."

मी विचारलं, "खात्री किती?"

प्रथमच त्यांनी आकडा सांगितला नाही. "खाली पाड्यात अकरा घरं आहेत," म्हणाले.

दुरुस्त अहवाल पाठवून ते त्याच दिवशी जीपने गेले. सरपंचाला धरून सगळा पाडा त्यांनी खालच्या शाळेत आणला. आठ दिवस काहीच घडलं नाही. लोक हसू लागले. "साहेब, डोंगर तर तिथंच हाय. तुमचा फोटोच हालला आसंल!" भाताची लावणी खोळंबली होती. लोक घरी परतले, आणि त्यांच्या मागोमाग हेही वर पाड्यात गेले.

मी फोनवर रागावले. "अहो, तुम्ही तरी खाली राहा!"

"खालून ओरडलेलं वर ऐकू येत नाही, बाई. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्यात. रोज अंतर मोजतो."

परवा दुपारी त्यांचाच फोन आला. मागे पावसाचा आवाज.

"दोन बोटं वाढलंय. दहा घरं उतरली. एक म्हातारी अडून बसलीय, कोंबड्या गोळा झाल्याशिवाय हलणार नाही म्हणते."

"मग?"

"मग काय, कोंबड्या धरतोय!" ते हसले. मीही हसले, आणि फोन तुटला.

तेव्हापासून तो लागत नाही. जीपवाले म्हणतात, रस्ता बंद आहे, पुढचं काही कळत नाही. आज सकाळी दूधवाल्याने विचारलं, वरच्या साहेबांचं दूध बंद करू का? मी त्याच्या हातातून पिशवी घेतली आणि दूध तापवायला ठेवलं.