सगळ्या घरचा पाहुणा

इनासभाऊ गेल्याची बातमी मला कारखान्याच्या वॉचमनने सांगितली. मे महिन्याची सुट्टी होती, मी ओट्यावर बसून चिंचेतले चिंचोके काढत होते. त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाला, की बाई, तुमचे ते चर्चवाले मिस्त्री आज पहिल्या पाळीला आले नाहीत, म्हणून साहेबांनी माणूस पाठवला, तर... इतक्या वर्षांत जो माणूस पहिल्या पाळीला कधी पाच मिनिटं उशिरा गेला नाही, तो आला नाही, एवढ्यात सगळं आलं. कुंभवलीच्या चाळीतल्या आपल्या खोलीत ते झोपेतच गेले. त्रास झाला नसणार, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर नेहमीच तसं म्हणतात, पण ह्या वेळी मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं.

ते गेल्याला महिना झाल्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर आम्ही पंधरावीसजण चर्चच्या व्हरांड्यात चहा घेत उभे होतो. गेलेल्या माणसाच्या खाण्यापिण्याच्या आठवणी अशा वेळी निघतातच. गोव्याच्या फर्नांडिसबाई हळहळल्या, की मेल्याने सोळा वर्षांत एकदासुद्धा आमच्याकडे ईस्टरचं जेवण घेतलं नाही, दर वर्षी आपले कुरियनसाहेबांकडे. कुरियनसाहेब केरळचे, इनासभाऊंच्याच कारखान्यात फोरमन. त्यांनी कप खाली ठेवला. “मेरे घर? नहीं नहीं. मुझे तो बोलता था, वसईवालों के यहाँ जाना है.” वसईवाले म्हणजे आमचे रेमीकाका आणि त्यांचं खटलं. आणि रेमीकाकांना इनासभाऊ दर वर्षी काय सांगत? फर्नांडिसबाईंचं आमंत्रण आहे म्हणून! रेमीकाकाच म्हणाले, “दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. ह्याने तर तीन घरं केली.” आम्हा सगळ्यांचा सण ज्याने उभा केला, तो त्या दिवशी जेवायचा कुठे? सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण त्यांच्याबरोबर सर्वांत जास्त काम मी केलं होतं. मलाही माहीत नव्हतं. मला तर त्यांनी ती तिन्ही नावं आळीपाळीने सांगितली होती.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. बोईसरला तेव्हा चर्च असं नव्हतंच. भाड्याची एक खोली होती, तिच्यात दाटीवाटीने साठ माणसं मावत. तारापूरच्या वसाहतीत नवे नवे कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग केरळचे, मंगळूरचे, गोव्याचे आणि आमच्या वसईकडचे ख्रिस्ती आले. आत डोंगराकडच्या पाड्यांवरही काही कुटुंबं होती. एरवीच्या रविवारी चाळीसच येत, पण ईस्टरला चारशे. फादर म्हणाले, ह्या वर्षी मिस्सा उघड्यावर करू. म्हणाले आणि मोकळे झाले. पुढचं सगळं इनासभाऊंनी केलं. रंगाच्या कारखान्यात फिटर असलेला हा चाळिशीचा विधुर मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या शाळेत, हेडमास्तरांच्या खोलीबाहेर, बाकं मागायला आलेला. हेडमास्तर बाकं द्यायला तयार नव्हते. मी मध्ये पडले आणि बाकांची जबाबदारी माझ्या गळ्यात आली, ती सोळा वर्षं राहिली. इनासभाऊंनी सणाचा पांढरा शर्ट घातला होता आणि काखेत तो फिकट पिवळा झाला होता. रंगात काम करणाऱ्याला घामही रंगीत येतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, ह्यांना कपडे धुता येत नाहीत. तसं मी बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, “धुतलाय बाई. मीच निघत नाही.”

जागा मिळाली ती कुंभवलीच्या बाहेर जानकीवहिनींच्या शेतात. भात कापून गेलेलं, भेगाळलेलं, धसकटांनी भरलेलं शेत. जानकीवहिनी आणि त्यांचे यजमान हिंदू शेतकरी; देवाचं काम आहे म्हणाले आणि बांध मोकळा करून दिला. धसकटं उपटायची, पाणी मारायचं, वेदीपुरती जमीन सारवायची, बांबू रोवून वर कापड ताणायचं, मागे गोणपाटं अंथरायची... शनिवारी दुपारपासून आम्ही दहाबाराजण राबलो. पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती वेदीजवळ ठेवायची होती. संध्याकाळी दर्याकडून वारा सुटला, तेव्हा इनासभाऊंनी पश्चिमेच्या बाजूला कुडाची तट्टी उभी केली आणि समाधानाने घरी गेले. सकाळी आठला मिस्सा सुरू झाली, मी बायबलच्या वाचनाला उभी राहिले आणि पहिल्याच ओळीला मेणबत्ती विझली. सकाळचा वारा डोंगराकडून येत होता! पेटवली, विझली. तिसऱ्यांदा विझली तेव्हा पाड्यावरची एक म्हातारी मोठ्यांदा हसली आणि तिच्याबरोबर चारशे माणसं हसली. इनासभाऊंचं तोंड मात्र बघवत नव्हतं.

पुढच्या वर्षी ईस्टरच्या आधी ते मुद्दाम शिरगावला गेले आणि किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या एका कोळ्याला वारा विचारून आले. तेव्हापासून नियमच झाला; पुढे छोटं चर्च बांधलं, तरी ईस्टरची मिस्सा शेतातच राहिली. सकाळी तट्टी पूर्वेला. मल्याळी, हिंदी आणि मराठी अशी तीन प्रवचनं होईपर्यंत दहा वाजत, वारा फिरे. मग सगळे डोळे मिटून प्रार्थनेत असताना इनासभाऊ पाऊल न वाजवता वेदीमागून जात आणि तट्टी उचलून पश्चिमेला रोवत. वेदीकडे पाठ, नजर बांधावरच्या आंब्याच्या पानांवर. सोळा वर्षांत त्या माणसाने ईस्टरची एक मिस्सा धड ऐकली नाही. मी एकदा चिडवलं, की भाऊ, तुम्हाला स्वर्गात घेतील तेव्हा वारा बघायच्याच कामावर घेतील. ते म्हणाले, तिथे तरी कुणी जेवायला बोलावून पंचाईत करणार नाही. मला वाटलं, थट्टाच आहे.

ती थट्टा नव्हती. परगावच्या माणसांचा आमचा धर्मग्राम, म्हणजे एका चर्चची मंडळी, त्यात भांडणं काय थोडी? पहिलं वाचन कुणाच्या भाषेत, फुलं कुणी आणायची, गायनाला पेटी कुणाची... ज्याचं त्याला प्यारं. फर्नांडिसबाई आणि कुरियनसाहेबांच्या मंडळी दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. ह्या सगळ्यांना एका कापडाखाली बसवायचं, तर बांबू धरणारा माणूस कुणाच्याच बाजूचा नको, एवढं इनासभाऊंना कळलं होतं. पहिल्याच वर्षी तिन्ही घरची आमंत्रणं आली. एकाकडे जावं तर दोघं रुसणार. म्हणून त्यांनी प्रत्येकाला दुसऱ्याचं नाव सांगितलं. एका वर्षापुरतीच ती युक्ती असणार. पण अशी युक्ती एकदा चालली की पुढच्या वर्षी मोडता येत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

कारण मीही तेच करत होते. माझं गाव वसईजवळचं. आई होती तोवर ईस्टरला बाराच्या गाडीने मी घरी जायची. आई गेली. पुढच्या ईस्टरला भावाकडे गेले, तर वहिनीने कपाटातली खास काचेची भांडी काढली, मला पहिल्या पंगतीला बसवलं, आग्रह केला. काही म्हणजे काही कमी केलं नाही. परत येताना वैतरणेच्या पुलावर मला रडू आलं, कारण आपण त्या घरात पाहुण्या झालो हे जेवतानाच समजलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी मी बोईसर स्टेशनवर तिकीट काढलं, गाडी आली आणि मी चढले नाही. आडवाटेने खोलीवर परतले. नंतर स्टेशनवर जाणंही सोडलं. शेतातून पिशवी घेऊन निघायचं, सगळ्यांना “गाडी गाठायचीय” म्हणायचं, खोलीत यायचं आणि आतून कडी लावायची. शेजाऱ्यांना वाटे, बाई गावी गेल्या. कुणी आपली कीव करू नये म्हणून माणूस काय काय करतो! तेरा ईस्टर मी असे काढले. इनासभाऊंनाही मी तेच सांगत होते. त्यांना मी माझ्याकडे का बोलावलं नाही, असं कुणी विचारील. एकटी शिक्षिका आणि एकटा विधुर, बोलायला जग मोकळं असतं. सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही म्हणायची. त्या शब्दाची मला फार सोय होती. ते मला आवडत होते का? आता ते नाहीत, तेव्हा लिहायला हरकत नाही. आवडत होते.

ह्या वर्षीच्या ईस्टरला ते थकलेले दिसले. मिस्सा झाली, आशीर्वाद झाला आणि पाच मिनिटांत शेत रिकामं झालं, जो तो आपापल्या घरच्या जेवणाकडे. आम्ही बाकं मोजत होतो. एरवी ते उभ्याने मोजत, ह्या वेळी एका बाकावर बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, “बाई, एखाद्या वर्षी गाडी सोडून दिलीत, तर भाऊ रागावेल का?”

आता वाटतं, तोंडातून फक्त ‘नाही’ निघायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची सवय. मी म्हणाले, “रागावेल तर. ताट वाढून बसलेला असतो.”

त्यांनी मान हलवली. “मग निघा. बाराची चुकवू नका.”

मी निघाले. बांधावरून वळून पाहिलं, तेव्हा ते दोऱ्या गुंडाळत होते. खोलीत येऊन कडी लावली आणि पिठलं टाकलं. ईस्टरच्या दिवशी पिठलं... बाराची गाडी स्टेशनातून सुटल्याचा आवाज आला तेव्हा मी ते ढवळत होते. त्यानंतर महिन्याभरातच ते गेले. पुतण्यांनी त्यांना टेम्पोतून त्यांच्या मूळ गावी, वसईला नेलं. मातीला पोहोचण्यासाठी मी बाराच्या गाडीत बसले. दर वर्षी जिच्यात बसते म्हणून त्यांना सांगितलं, तिच्यात शेवटी त्यांच्यासाठीच बसले. कबरीत मूठभर माती टाकली, पुतण्याच्या बायकोने चहा विचारला, तर घाईघाईने म्हणाले, की इथे जवळच भावाकडे जेवायला जायचंय.

महिन्याच्या मिस्सेनंतरच्या रविवारी मी जानकीवहिनींकडे गेले. आमचे बांबू त्यांच्या गोठ्यामागे ठेवलेले असतात, ते आत घ्यायचे होते. इनासभाऊ ईस्टरला कुठे जेवायचे कुणालाच माहीत नाही, असं मी सहज बोलून गेले. वहिनी बांबू उचलता उचलता थांबल्या.

“कुनाला नाय म्हाईत? हयंच तं बसायचे,” त्यांनी बांधावरच्या आंब्याकडे हात केला. “आमी दर वर्साला बोलवायचो, आमच्यात या चार घास खायला. तं म्हनायचे, तीन घरांना नाय म्हनलंय वहिनी, चवथ्या घरी जेवलो तं त्यांना कसं वाटंल? डबा आनलाय मी.”

मी म्हणाले, की दमलेला माणूस, निदान वेळेवर तरी जेवत असतील.

“छ्या. डबा उघडून बसून ऱ्हायचे. बाराची गाडी गेली का मंग जेवायचे. एकदा मी इचारलं, गाडीचं काय हाय? तं म्हनाले, ती बाईंची गाडी हाय. कदीतरी चुकंल. चुकली तं बाई उपाशी परत येतील, म्हनून थांबतो.”

बांबू आत ठेवले, पाणी प्यायले आणि निघाले. आंब्यापासून माझ्या खोलीपर्यंत चालत आले. दहा मिनिटं लागली. तेरा वर्षं ते माझी गाडी चुकायची वाट बघत होते आणि मी दाराला कडी लावून तीच गाडी जायची वाट बघत होते, म्हणजे निदान कुणी येणार नाही याची खात्री व्हावी.

आता रविवारी माझा स्वयंपाक बाराच्या आधीच होतो. ताट वाढून घेते आणि बसून राहते. कुणी येणार आहे असं नाही, हे मला नीट कळतं. गाडी येते, थांबते, सुटते. तिचा आवाज पालघरच्या दिशेने पूर्ण जाऊ देते... मग जेवते.