शीतलच्या आईला मी सांगितलेली पाच वर्षं

"पाच वर्षं," असं मी सांगितलं होतं.

तो आकडा मी कुठंही वाचला नव्हता.

शीतल कांबळेला जाऊन आज एक वर्ष झालं. बारा वर्षांची होती. तुमच्यापैकी कुणी तिला ओळखत नाही.

राजारामपुरीतलं माझं टायपिंग आणि इंटरनेटचं सेंटर तुम्हाला माहीतच आहे. त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर फिजिओथेरपीचं क्लिनिक. शीतलची आई, संगीताताई, दर सोमवारी शाहूवाडीकडच्या गावातून तिला एसटीनं घेऊन यायच्या. आधी कडेवर. नंतर पाठीवर.

पहिल्यांदा माझ्याकडं आल्या तेव्हा हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती.

"म्याडम, ह्ये काय हाय ते तुमच्या कम्प्युटरात बघा की."

चिठ्ठीवर दोनच शब्द. रेट सिंड्रोम.

ताई अंगणवाडी सेविका. "मी रोज दुसऱ्याच्या पोरांची वजनं करतो. कोण कवा बोललं, कवा चाललं, समदं लिवतो," म्हणाल्या. "माझी पोरगी दीड वर्षाची असताना 'आई' म्हनत हुती. 'बुबू' म्हनत हुती. मग एकेक शब्द गेला."

शब्दांमागून हात गेले. शीतल दिवसभर हातावर हात चोळत बसायची, साबण लावल्यासारखी. एका डॉक्टरांनी मतिमंद लिहून विषय संपवला होता. आजाराचं नाव कळेपर्यंत पोर पाच-सहा वर्षांची झाली.

मी बीएस्सी. इंग्लिश वाचता येतं. वाचलं आणि सांगितलं : एका जीनमध्ये बिघाड असतो. तो जीन नुकताच सापडलाय. बहुतेक वेळा बिघाड आपोआप होतो, आईबापाकडून येत नाही.

त्या खुर्चीवर बसल्या.

"म्हंजे माझ्या पोटाचा दोष न्हवं?"

"नाही ताई."

"ह्येच मराठीत टाईप करून द्या. सासूला वाचून दावतो."

दिलं करून. त्या दिवशी मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

मग दर सोमवारी क्लिनिकमधून खाली आल्या की दारातूनच हाक. "काय नवीन?"

मी शोधायची. काही नसायचं. जीन सापडला होता, पण तो दुरुस्त कसा करायचा हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. अशी वर्षं गेली. शीतलची पाठ वाकडी होत गेली. फिट्स सुरू झाल्या. डोळे मात्र, काय सांगू. तुमच्याकडं बघायची तेव्हा नजर हटवायची नाही.

दोन हजार सातच्या सुरुवातीला ती बातमी आली.

परदेशात शास्त्रज्ञांनी हाच जीन बंद असलेले उंदीर तयार केले होते. उंदीर आजारी पडले, मरायला टेकले. मग तो जीन पुन्हा चालू केला, आणि उंदीर सुधारले. चालायला लागले.

सोमवारपर्यंत मी कसाबसा धीर धरला. ताई जिन्यात दिसल्या तशी मी ओरडलेच, "ताई, बरं होतंय! उंदरात झालंय!"

त्या शीतलला घेऊन तिथंच जिन्यात बसल्या. रडायला लागल्या. शीतल आमच्याकडं बघत होती.

"मानसात कवा?"

बातमीच्या शेवटी स्पष्ट लिहिलं होतं, हा उपचार नाही, माणसात असं करता येत नाही. ते मी वाचलं होतं.

"पाचेक वर्षं," मी म्हटलं.

का म्हटलं? त्या चेहऱ्यापुढं 'माहीत नाही' म्हणवेना.

त्यानंतर त्या बदलल्या. शीतलच्या पायांचा व्यायाम दिवसातून दोनदा. "औषध येईल तवा पाय सरळ पायजेत की." गावात सगळ्यांना सांगितलं, पाच वर्षांनी माझी पोरगी आई म्हणणार.

पावसाळ्यानंतर शीतलला गिळता येईना. घास छातीत जायचा. सारखा खोकला, ताप. डॉक्टर म्हणाले, पोटात नळी घालू, जेवण थेट जाईल.

ताई मला विचारायला आल्या. डॉक्टर सोडून मला!

"म्याडम, एकदा नळी घातली की तोंडानं खायाचं इसरतंय म्हनं. पाच वर्षाचा तर प्रश्न हाय. मी भरवतो हळूहळू. काय म्हनता?"

तेव्हा बोलायला हवं होतं. ताई, तो आकडा खोटा आहे. नळी घाला.

मी म्हटलं, "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं."

वर्षभर त्यांनी तासन् तास बसून पेज भरवली. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला. तीन दिवसांत शीतल गेली.

महिन्याभरानं ताई आल्या. एकट्याच. क्लिनिकचे कागद परत घ्यायला. मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. पाच वर्षं मी मनानंच सांगितली होती, हेही.

त्या खुर्चीवर बसल्या.

मग एवढंच विचारलं, "नळी घातली असती तर?"

मी ओळखीच्या डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. ते म्हणाले होते, सांगता येत नाही, कदाचित अजून काही वर्षं.

"सांगता येत नाही," मी म्हटलं. पुढचं गिळलं. पुन्हा एकदा.

ताईंनी कागद पिशवीत घातले आणि उठल्या. मी "ताई" म्हणून हाक मारली. वळल्या नाहीत. त्यानंतर राजारामपुरीत कधी दिसल्या नाहीत.

त्या फेसबुकवर नाहीत. हे वाचणार नाहीत. बहुधा म्हणूनच लिहायचं धाडस झालं.

औषध अजून आलेलं नाही.

शीतल, माफी मागायला तोंड नाही मला.
तुला शेवटचा नमस्कार, बाळा.