लेडीज बॅचच्या बंद खिडक्या

वसाहतीच्या क्लबात पोहण्याचा तलाव होता, तोही छताखाली. ऐंशीच्या दशकातल्या नवी मुंबईत ही चैनच. पंप, फिल्टर आणि क्लोरीन माझ्याकडे, मी पंचविशीतला. लेडीज बॅचला शिकवायला जवळच्या कोळीवाड्यातली एक बाई यायची. खाडीत पोहायला शिकलेली, माझ्याहून थोडी मोठी.

बॅच सुरू झाली की मी खिडक्या लावून घ्यायचो. बायका पोहतात, रस्त्यावरून कुणी बघायला नको. सगळ्या घरून आंघोळ करून, केसांना तेल चोपडून यायच्या आणि तशाच पाण्यात उतरायच्या. शॉवर कोरडाच. थोड्या वेळाने डोळे चुरचुरवणारा वास सुटायचा. "वास येतोय ना, मग पाणी स्वच्छ आहे," असं त्या एकमेकींना सांगत. मलाही तसंच वाटायचं. वास कमी झाला की मी क्लोरीनची पावडर वाढवायचो.

पावणे एमआयडीसीतून पावडरचे डबे आणणारा म्हातारा सेल्समन एकदा दारातच थबकला. "अहो, हा नुसत्या क्लोरीनचा वास नाही. त्यात घाम मिसळला, कुणी गुपचूप शू केली, की हा वायू सुटतो. छातीला वाईट. खिडक्या उघडा, ताजं पाणी घाला, आणि आधी सगळ्यांना शॉवर घ्यायला लावा."

मी धीर करून कमिटीतल्या एका काकूंना शॉवरचं सांगितलं. त्या फाडकन म्हणाल्या, "आम्ही काय पारोशा येतो का रे?" बाकीच्या खिदळल्या. पुन्हा मी तोंड उघडलं नाही. खिडक्यांचंही नाही.

पावसाळ्यानंतर शिकवणाऱ्या बाईला खोकला लागला. ती तासन्‌तास काठावर उभी असायची. सुट्टीच्या दिवशी खोकला थांबायचा, हे तिच्याच लक्षात आलं.

"दादा, खरा सांग, ह्या पान्यानं तं नाय ना? खाडीत वाढले मी, पन असा खोकला कदी नाय आला."

"छे! कारखान्यांचा धूर असेल."

मला माहीत होतं. तरी तसं म्हणालो.

मग टीबीची कुजबुज सुरू झाली. ती एक्स-रे घेऊन कमिटीपुढे आली. "एक डाग नाय, डाक्टर बोलला." अध्यक्षांनी फिल्म उजेडाला धरली, काही न कळून खाली ठेवली आणि माझ्याकडे वळले. "पाण्यात काही दोष?"

"पाणी एकदम ओके आहे, साहेब."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. "पोरीबाळी येतात, रिस्क नको," असं ठरलं आणि तिची नोकरी गेली.

दोन महिन्यांत नवी शिकवणारी खोकू लागली. तेव्हा मी कुणाला न विचारता खिडक्यांना बांबूचे पडदे लावले आणि तावदानं सताड उघडली. एकही बाई तक्रार करायला आली नाही. नव्या बाईचा खोकला हळूहळू गेला. एवढंच करायचं होतं.

पुढे क्लबात मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीकडून कळलं, त्या पहिल्या बाईचा चहाचा कप तिच्याच घरी टीबीच्या भीतीने अजून वेगळा ठेवतात. तिची छाती चांगली आहे, हे सांगू शकणारा माणूस मी होतो. कोळीवाडा सायकलने दहा मिनिटांवर. मी गेलो नाही.