सत्तावीस नंबरचं टोकन

युनियनचं काम सोडलं की घरात दोन गोष्टी उरतात. न वाटलेली पत्रकं आणि किस्से. पत्रकं मी बंबात घातली, पाणी चांगलं तापलं. किस्से तसेच पडून आहेत. कुणी चहाला आलं की एकेक निघतो. लोक हसतात, मीही हसते. पण कप विसळताना मन कसंनुसं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पिंपरी पेंढारच्या रस्त्याला द्राक्षांचं एक पॅकहाऊस होतं. माल परदेशी जायचा. दहावी पास म्हणून मला तिथं चेकरची खुर्ची मिळाली होती. सरकत्या पट्ट्यावर द्राक्षं निवडायला साठेक पोरी, सगळ्या मढकडच्या वाड्यांवरच्या. भाताची कामं उरकली की मुकादमाचा टेम्पो पहाटे त्यांना भरून आणायचा आणि दिवस मावळला की परत न्यायचा. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, हातात मोजे. नुसते डोळे दिसायचे. मस्टरवर नावं नव्हतीच, नंबर होते. गळ्यात नंबराचं पत्र्याचं टोकन अडकवायचं आणि कामाला लागायचं. कोणता नंबर कुणाचा, ते फक्त मुकादमाच्या वहीत.

मी तिथं युनियन बांधायला घेतली. आमची मागणी एवढीच होती, की मस्टरवर पोरींची नावं लिहा. उद्या कुणाला काही झालं, तर ती इथं कामाला होती हे कशावरून दाखवायचं?

*

पिंपरी-चिंचवडकडून एक पुढारी आले. मोठ्या कारखान्यात युनियन चालवलेले, मनानं फार चांगले. सुट्टी झाल्यावर शेडमागे पोरींना बसवलं आणि ते बोलायला लागले. आठ तासांच्या दिवसासाठी जगभर कामगार कसे लढले, हे त्यांनी दीड तास सांगितलं. पोरी पहाटे चारला उठलेल्या. निम्म्या एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या.

शेवटी साहेबांनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

सत्तावीस नंबरची सुमन उभी राहिली. आमच्यात बोलणारी तेवढी एकच होती. मला वाटलं, आता ही नावांचं काढणार.

"साहेब, मगाशीच टेम्पो गेला. आता आमाला घरी तुमीच सोडा!"

साहेबांच्या जीपनं मढपर्यंत चार खेपा केल्या. साहेब पुन्हा काही आले नाहीत.

*

मग मी ठरवलं, भाषण नको. माझं माहेर निरगुडसर. तिथं बायकांना एकत्र आणायची एकच रीत मी पाहिली होती. संक्रांतीचं हळदीकुंकू घातलं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या आणि प्रत्येक वाटीत मेंबरशिपचा फॉर्म घडी करून ठेवला. टेम्पोवाल्याला हातापाया पडून तासभर थांबवलं.

पण हळदीकुंकू म्हटलं की आळीतली एकही बाई वगळता येत नाही, आणि मुकादमाचं घर आमच्याच आळीत! त्याची बायको, शेवंताबाई, सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजीच्या मधोमध बसली. मी युनियनचा शब्द काढू शकले नाही. तिळाचा भाव, नातवाचं बारसं, सगळं बोलून झालं. पोरी वाट्या घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी गेटवर मुकादम हसत उभा. हातात भरलेला फॉर्म.

"वहिनी, आमची मंडळी झाली बरं का मेंबर! बाकीच्यांचे फॉर्म टेम्पोतच गोळा केले मी. तुमाला कशाला तरास!"

तर आमच्या युनियनची पहिली सभासद मुकादमाची बायको. पुढे बरेच दिवस तीच एकटी होती.

*

एकदा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीचा तपासनीस यायचा होता. लहान पोरी कामाला नाहीत ना, हे बघायला. आदल्या दिवशी मुकादमानं सगळ्यांना ओळीत उभं करून पाठ करून घेतलं. "वय इचारलं तर काय सांगायचं?" "अठरा!" "जोरात!" "अठरा!"

मी खूष होते. बाहेरचा माणूस आहे, मस्टर मागेल, नावं नाहीत हे त्याच्या लक्षात येईल. तपासनीस आला. गोरापान, सोबत दुभाषी. ओळीनं विचारत निघाला. बारा वर्षांची अठरा, पंधरा वर्षांची अठरा. ओळीच्या टोकाला झाडलोट करणारी हिराबाई होती. तिच्या नातीला पोर झालेलं.

"वय काय?"

"अठरा," हिराबाई ठणकावून म्हणाली.

दुभाष्यानं इंग्रजीत सांगितलं. तपासनिसानं मान हलवली आणि लिहून घेतलं!

*

शेवटी पोरींनी आपणहून ठरवलं, एक दिवस टेम्पोत चढायचं नाही. सुमननं वाडीवाडीत निरोप फिरवला. मला म्हणाली, "मावशी, आमच्याबिगर पट्टा चालतोय का बघू तरी!"

त्या सकाळी टेम्पोची वाट बघत मी गेटवर उभी होते. टेम्पो आला. गच्च भरलेला. साठ टोप्या, साठ फडकी उतरून आत गेली. मस्टर भरलं. एकही गैरहजर नाही.

मला काही कळेना. सत्तावीसजवळ गेले आणि हळूच म्हटलं, "सुमे, काय गं हे?"

फडक्यावरचे डोळे भेदरले. "मी सुमन न्हाई, मावशी. मी मंगल. तिची बारकी भन. अक्का यायला न्हाई म्हणली, तर आईनं मला धाडलं."

कुणाची बहीण, कुणाची चुलतबहीण, एकीची तर आईच. मोठ्या पोरी घरी संपावर आणि त्यांची टोकनं कामावर! अख्ख्या सीझनमध्ये पूर्ण हजेरी तेवढ्या एकाच दिवशी लागली.

दुपारी मंगलचा उजवा हात पट्ट्याच्या साखळीत गेला. मोजा तिला ढगळ होत होता. दोन बोटं गेली. आठवीत होती.

*

दवाखान्यात मुकादमानं वहीत बघून सांगितलं. नाव सुमन, वय अठरा. तसाच कागद झाला.

माझी खुर्ची त्याच आठवड्यात गेली. मी भरपाईचा अर्ज केला. युनियनच्या शिबिरात आम्हाला शिकवलं होतं, कागदावर असेल तेच लिहा, कागद म्हणजे पुरावा. मी कागदावरचं नाव अर्जात उतरवलं. मंगलचं नाव घातलं तर लहान पोर कामाला धाडली म्हणून आधी बापाला आत घालतील, असं मॅनेजरनं त्याला सांगून ठेवलेलं. बाप माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "बाई, व्हतं तसं राहू द्या." मी राहू दिलं. ही चूक माझी.

सुनावणीला कामगार कोर्टातल्या साहेबांनी पुकारा केला, "सुमन कोण?"

सुमन सरळ पोरगी, खोटं न बोलणारी. उभी राहिली.

"हात पुढे करा."

तिनं दोन्ही हात पुढे केले. साहेबांनी चष्मा लावून बोटं मोजली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, दहाच्या दहा आहेत की! तुमची तक्रार काय आहे?"

मंगल बाहेर बाकावर बसली होती. तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

*

दोनेक वर्षांनी सुमनच्या बापाचा निरोप आला, "पावणं यायचेत, तुमी या." सुमनला बघायला ओतूरकडची माणसं आली होती. त्यांच्या कानावर गेलेलं, की सुमन नावाच्या पोरीची बोटं पॅकहाऊसमध्ये तुटली. कुणीतरी दवाखान्याचा कागदही पाहिलेला. सुमननं सगळ्यांसमोर पुन्हा दोन्ही हात पुढे केले.

तरी मुलाची मावशी खात्री करून घेत होती. "मग कागदावर कसं आलं? कुणाची तरी तुटली आसतील ना?"

बाप माझ्याकडे बघायला लागला. सुमनची आईही. मुलगा चांगला होता, शिकलेला, बागायत घर. धाकटी बहीण अशी आहे म्हटल्यावर तिचा भार पुढं थोरल्या जावयावर, म्हणून माणसं उठून गेली असती. दोन वर्षं मी दारोदार सांगत होते, की तिथं एका पोरीची बोटं गेली.

"कुणाचीच नाही," मी म्हणाले. "कागद चुकीचा झाला होता."

माणसं हसली. सुपारी फुटायची बोलणी सुरू झाली. तेवढ्यात मंगल आतून पाणी घेऊन आली. उजवा हात पदराखाली. डाव्या हातानं तिनं तांब्या मावशीपुढे धरला.

मावशीनं तांब्या घेतला नाही. "पावण्याला डाव्या हातानं पाणी? काय वळण लावलं न्हाई का गं तुला कुणी?"

मंगलनं एकदा माझ्याकडे बघितलं.

"लावायचं राहिलंय, मावशी," ती म्हणाली. "संपाच्या गडबडीत."