पावती विभाच्या नावाने

विभा पेंढारकर आणि शिरीष यांची पहिली भेट झाली तेव्हा शिरीष हवेत होता. जपानमधल्या त्सुकुबात, संशोधकांच्या वसाहतीत तो सायकलवरून वळत होता. समोरून पिवळ्या नंबरप्लेटची एक चौकोनी पांढरी गाडी रणगाड्याच्या निश्चयाने आली, आणि पुढच्या क्षणी सायकल गटारात, शिरीष कुंपणाच्या झुडपावर आणि त्याचा कॅल्क्युलेटर चेरीच्या झाडावर. कॅल्क्युलेटर थेट वसंतात फुलांबरोबर खाली आला, असं शिरीष आजही शपथेवर सांगतो. गाडीची काच खाली झाली.

"लागलं का हो? लायसन्स आजच मिळालंय मला. पाचव्या खेपेला!"

हे तिने अशा थाटात सांगितलं की शिरीषने झुडपावरूनच तिचं अभिनंदन केलं.

शिरीष पोटासाठी धातूंवर संशोधन करायचा. त्याचा जीव मात्र आयकरात होता. डिसेंबर आला की त्सुकुबातली निम्मी मराठी घरं आपापले कराचे फॉर्म घेऊन त्याच्या दारात उभी राहायची आणि तो दत्तजयंतीचा प्रसाद वाटावा तसे सल्ले वाटायचा. विभाच्या घरासाठी त्याचा सल्ला ठरलेला होता. ती डबे भरण्याच्या कारखान्यात अर्धवेळ कामाला होती. सरकत्या पट्ट्यावरून डबे येत आणि ती प्रत्येक भाताच्या बरोबर मधोमध एक उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, ठेवी. बायकोची वर्षाची कमाई एका ठराविक रेषेच्या वर गेली की नवऱ्याची सवलत जाते, म्हणून दर नोव्हेंबरात शिरीषचा फोन यायचा, "वहिनी, रेषा आली. आता घरी बसा." आणि विभा घरी बसायची. अशी सहा वर्षं.

त्याच उमेबोशींच्या कमाईतून तिने ती गाडी घेतली होती. नवरा नीलकंठ गाडीला 'डबा' म्हणे. पण जपानात विभाच्या एकटीच्या मालकीची तेवढी एकच वस्तू होती. बाकी सगळीकडे, बँकेत, दवाखान्यात, घरमालकाकडे, ती 'पेन्दारुकारु-सान नो ओकुसान' होती, म्हणजे पेंढारकरांची बायको. हे नाव उच्चारून होईपर्यंत रांगेतला पुढचा माणूस म्हातारा व्हायचा, पण 'विभा' ही दोन अक्षरं कुणी वापरत नसे.

भूकंप झाला तेव्हा वसाहत भराभर रिकामी झाली. नीलकंठनेही तिकिटं काढली होती. विभा म्हणाली, "तू जाऊन ये. मला पाणी आणायचंय." नळ कोरडे होते. ती आपल्या त्या 'डब्या'तून कॅन भरभरून आणत होती आणि वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांना पोचवत होती. मग नीलकंठही गेला नाही. त्याच्या वाट्याला जिने आले.

दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात नीलकंठची बदली नागोयाला झाली. नवं घर भुयारी रेल्वेच्या डोक्यावर होतं. गाडी ठेवायला जागा नव्हती. भंगारवाला येऊन बघून गेला. विभाने त्याला चहा दिला, गाडी दिली नाही. मियागीच्या किनाऱ्यावर एक संस्था होती. भूकंपानंतरच्या त्सुनामीच्या लाटेत ज्यांच्या गाड्या गेल्या त्यांना ती जुन्या गाड्या वापरायला देत असे. विभाने परस्पर फोन करून ठरवूनही टाकलं.

हे कळताच शिरीष चप्पल न काढता घरात आला, यावरून आनंदाची कल्पना यावी. "सरकारमान्य संस्था! नील, अरे, ही देणगी आहे, देणगी! एकतीस डिसेंबरच्या आतली पावती आण, करात सवलत घे. फक्त गाडी आधी तुझ्या नावावर करू. वहिनी, या फॉर्मवर तुमचा सहीचा शिक्का मारा."

"कशाला?"

"तुम्ही कर भरत नाही ना! रेषेखाली आहात. तुमच्या नावाची पावती म्हणजे कोरा कागद."

"मला रेषेखाली बसवलं कुणी, भावोजी?"

शिरीषने नीलकंठकडे पाहिलं. नीलकंठ खोक्याला चिकटपट्टी लावण्यात गढून गेला.

"सहा वर्षं तुमचा फोन आला की घरी बसले," विभा म्हणाली. "गाडी माझी आहे. देणार मी. पावती माझ्या नावाने येईल."

"अगं, पण फायदा..." नीलकंठ पुटपुटला.

"फायदा तुझा, डबा माझा. शिक्का मारणार नाही."

अठ्ठावीस तारखेला, म्हणजे वर्षअखेरीस कचेऱ्या बंद व्हायच्या त्या दिवशी, विभा स्वतः गाडी घेऊन निघाली. नीलकंठला सामानवाल्यांसाठी थांबणं भाग होतं. त्याने शिरीषला शेजारी बसवून दिलं. शिरीषच्या बॅगेत तो फॉर्म होताच. फुकुशिमा ओलांडताना बर्फ लागला, तसा त्याने तो बाहेर काढला.

"वहिनी, अजून वेळ आहे."

"भावोजी, तुमच्या सीटचा पट्टा घट्ट लावा," विभा म्हणाली आणि समोरचा ट्रक मागे टाकला. झुडपाच्या आठवणीने शिरीषने फॉर्म दुमडून छातीशी धरला आणि पुढे सेंदाईपर्यंत तो रामरक्षा म्हणत होता.

किनाऱ्यावर संस्थेची कचेरी म्हणजे एक पत्र्याची खोली होती. टेबलाशी बसलेल्या वयस्क गृहस्थांनी उठून, वाकून विचारलं, "पेन्दारुकारु-सान नो ओकुसान?"

"नाही," विभा जपानीत म्हणाली. "विभा. गाडी माझी आहे."

गृहस्थ दुसऱ्यांदा वाकले, पहिल्यापेक्षा खोल. "बिबा-सान. आभारी आहोत." त्यांनी पावतीवर तिचं नाव सावकाश लिहिलं, तिला दाखवलं, बरोबर आहे का विचारलं. विभाने पर्समधून स्वतःच्या नावाचा नवाकोरा शिक्का काढला. हा तिने कधी करून घेतला ते नीलकंठलाही ठाऊक नव्हतं. तिने तो कागदावर असा दाबला की टेबलावरचा चहा हिंदकळला.

परतीच्या रेल्वेत शिरीषला राहवेना. "वहिनी, खरं सांगतो, ही पावती तुमच्या काहीएक उपयोगाची नाही."

"म्हणूनच ती अख्खी माझी," विभा म्हणाली आणि स्टेशनवर घेतलेला जेवणाचा डबा उघडला. त्यातलं उमेबोशी मधोमध नव्हतं. तिने ते काड्यांनी सरकवून मधोमध आणलं आणि मग जेवायला सुरुवात केली.

करात एका येनचीही सवलत मिळाली नाही. गाडी तिकडे चौदा महिने चालली, मग तपासणीत नापास होऊन भंगारात गेली.